ज्युडोत आधी पाडायला नाही, पडायला का शिकवतात?

कडेगाव भागातली पोरं कुस्ती बघतच मोठी होतात. जवळच कुंडलचं मैदान आणि कराडशेजारी गोळेश्वर, म्हणजे खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. त्याच वजनगटातलं सुवर्ण जपानच्या शोहाची इशीनं नेलं, आणि हा इशी मूळचा ज्युडोवाला! महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी जपानी शाळांतला ज्युडो बंद केला, तेव्हा तो कुस्तीकडे वळला होता.

तालमीत घाम गाळलेल्या पोराला ज्युडो सोपा जाईल, असं त्यामुळे वाटतं. दमसास असतो, कंबर तयार असते. पण अडचण पहिल्याच दिवशी येते. पाठ मातीला लागू द्यायची नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं आणि इथे मुद्दाम पाठीवर पडायला सांगतात.

याला म्हणतात उकेमी. आधी उकिडवं बसून मागे लवंडायचं. हनुवटी छातीला चिकटलेली, नजर स्वतःच्या पट्ट्यावर, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली करून मॅटवर आपटायचे. धक्का एका जागी न बसता पसरतो. श्वास सोडायचा, रोखायचा नाही. हे जमलं की उभ्यानं, मग कुशीवर, मग पुढे कोलांटी घेऊन.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे पडताना हात मागे टेकवणं. सगळं वजन मनगटावर आणि कोपरावर येतं, हाड मोडू शकतं. रील बघून घरच्या फरशीवर सराव करणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. तालमीची माती उकरून मऊ केलेली असते, फरशी नसते.

डाव त्यानंतर. इथे लंगोट नाही, जाड कापडाचा अंगरखा असतो. एक हात बाहीला, एक कॉलरला. आधी ओढून समोरच्याचा तोल बिघडवायचा (कुझुशी), मग आत शिरायचं, मग फेकायचं. पाठ वळवून खांद्यावरून फेकण्याचा सेओइ-नागे पाहिला की पैलवानाला धोबीपछाड आठवतोच. फरक पकडीचा. नवख्याला मात्र लगेच फेकू देत नाहीत, नुसतं आत शिरून परत यायचं, पुन्हा पुन्हा. तोवर जोडीदाराचीही उकेमी पक्की होते.