बाळ काचेच्या पेटीत, दूध सिरिंजमध्ये

चौतिसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ सहसा जमत नाही. म्हणून दूध सिरिंजने, बारीक नळीवाटे थेट पोटात. पण बाळ ओढतच नसेल, तर आईच्या शरीराला मागणी कळणार कशी? ती पंपाने किंवा हाताने दूध काढून कळवायची, चोवीस तासांत आठेक वेळा. रात्रीची पाळी चुकवायची नाही. दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन तेव्हाच जास्त असतं. सुरुवातीला येतो तो काही थेंब पिवळसर चीक. ‘हिला दूधच नाही’ म्हणणाऱ्या नातलगांना खुशाल बाहेर बसवावं! तरीही कमी पडलं, तर दुग्धपेढी आहे. आशियातली पहिली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू केली. दान आलेलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवून, तपासून मगच बाळाला देतात.