नगरच्या जमिनीवरच्या युद्धनौका

दोस्तांनो, एक कोडं घालतो. अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. समुद्र बघायचा तर सह्याद्री ओलांडून खाली कोकणात उतरावं लागतं. तरीसुद्धा नगर शहरात पन्नासच्या आसपास 'युद्धनौका' ओळीनं उभ्या आहेत. सांगा पाहू, कुठं?

नाही ना आलं? अहो, आपलं रणगाडा संग्रहालय! लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं ते १९९४ साली सुरू केलं. तुम्ही म्हणाल, "काहीतरीच काय! रणगाडा म्हणजे युद्धनौका कशी?" तर ऐका.

टाकी की जहाज?

पहिलं महायुद्ध सुरू होतं. फ्रान्समध्ये दोन्ही बाजूंचे सैनिक खंदकांत अडकून पडले होते. वर डोकं काढलं की मशीनगनचा मारा. पुढं काटेरी तारा आणि चिखल. यातून वाट काढणार कोण? १९१५ साली ब्रिटिश आरमाराचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांनी एक समिती नेमली. तिचं नावच होतं 'लँडशिप्स कमिटी', म्हणजे जमिनीवरच्या जहाजांची समिती! पोलादी अंगाचं, तोफा लावलेलं, खंदक ओलांडणारं जहाज त्यांना हवं होतं. चाकं चिखलात रुततात, म्हणून त्याला लोखंडी पट्टे लावले. पट्ट्यांमुळं वजन मोठ्या जागेवर पसरतं आणि गाडी रुतत नाही. बाजूच्या तोफाही आरमाराच्याच होत्या.

शत्रूला सुगावा लागू नये म्हणून 'पाण्याच्या टाक्या बनवतोय' अशी थाप मारली गेली. तेव्हापासून त्याचं नाव पडलं 'टँक', म्हणजे चक्क टाकी!

१५ सप्टेंबर १९१६ रोजी रणगाडे पहिल्यांदा लढाईत उतरले. वजन सुमारे २८ टन, आत आठ माणसं, आणि वेग भरभर चालणाऱ्या माणसाइतका. त्या दिवसासाठी ४९ रणगाडे आणले होते, त्यातले कितीतरी वाटेतच बंद पडले. पण जे पोचले त्यांनी जग बदललं.

आपल्या संग्रहालयातली रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडी बघाल तेव्हा हे आठवा. १९१४ साली या जातीच्या गाड्या लढाईत प्रथम वापरल्या त्या ब्रिटिश आरमाराच्या वैमानिक दलानं!

कागदावरची जहाजं

आता गंमत बघा. जहाज जमिनीवर आणायचंच, तर खरोखरच्या युद्धनौकेएवढं का नको? दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जर्मनीत अशी एक योजना झाली. 'राटे' तिचं नाव. राटे म्हणजे उंदीर! लांबी ३५ मीटर, वजन १००० टन आणि युद्धनौकेवरच्या असतात तशा २८० मिलिमीटरच्या दोन तोफा.

समजा, ही राटे बनली असती तर? युद्धाचा निकाल फिरला असता? चला, तिला मनातल्या मनात आपल्या नगरात आणू. दहा-दहा टनांचे शंभर ट्रक एकत्र केले की हिचं वजन. सीनेवरचा पूल तिला पेलणार नाही. रुंदी १४ मीटर, म्हणजे कापडबाजारात शिरायचं नावच नको! बरं, लपायचं कुठं? विमानातून तर ती सहज दिसणार. १९४३ साली जर्मनीनं योजना गुंडाळली आणि राटे कागदावरच राहिली.

नगरकरांना जड तोफांची अडचण जुनीच ठाऊक आहे. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १५४९ साली नगरातच ओतली गेली. सुमारे ५५ टनांची ती! तिला हलवायला बैल आणि हत्ती जुंपावे लागत.

जुनं घर, नवी कौलं

मग टिकलं कोण? जे बदलत गेलं ते. संग्रहालयातला सेंच्युरियन रणगाडा बघा. त्याचे पहिले नमुने १९४५ च्या मे महिन्यात युरोपात पोचले, तर युद्ध नुकतंच संपलेलं! पण तो वाया गेला नाही. आधी ७६ मिलिमीटरची तोफ, मग ८४ ची, मग १०५ ची. इस्राएलनं तर त्याचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलं. सांगाडा जुना, ताकद नवी. आजीच्या जुन्या घरावर बाबा नवी कौलं घालतात ना, तसंच!

समुद्रावरच्या जहाजांचंही असंच झालं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या 'मिसुरी' युद्धनौकेवर १९८० नंतरच्या दशकात क्षेपणास्त्रं बसवली आणि १९९१ च्या आखाती युद्धात ती पुन्हा लढली. आज तिचंही संग्रहालय झालं आहे.

आपणही शिकलो. १९६५ साली चेन्नईजवळच्या आवडी कारखान्यातून 'विजयंता' बाहेर पडला. मूळ आराखडा ब्रिटिश, बांधणी भारतातली. पुढं भारतातच आराखडा केलेला 'अर्जुन' आला. २०२१ साली त्याची सुधारलेली आवृत्ती लष्कराकडे सोपवली गेली. तिचं वजन ६८ टन!

आतला माणूस

पण मुलांनो, पोलाद कितीही जाड असलं तरी आत माणूस असतो. अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा. १९७१ च्या जूनमध्ये ते पूना हॉर्स रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले आणि नगरला तरुण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी आले. डिसेंबरात युद्ध पेटलं, प्रशिक्षण अर्धं राहिलं आणि ते थेट आघाडीवर गेले. १६ डिसेंबरला बसंतर नदीच्या लढाईत त्यांच्या 'फामागुस्ता' नावाच्या सेंच्युरियननं पेट घेतला. बाहेर पडा, असा हुकूम आला. पण तोफ अजून चालत होती. ते आतच थांबले, लढत राहिले आणि तिथंच त्यांना वीरमरण आलं. वय अवघं २१. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांना मिळालं.

अर्धं राहिलेलं ते प्रशिक्षण पुरं करायला अरुण परत आले नाहीत. त्यांचा फामागुस्ता मात्र दुरुस्त होऊन नगरच्या त्याच स्कूलमध्ये जपून ठेवला आहे.

सुट्टीत आई-बाबांना घेऊन संग्रहालयात जा. तोफांची लांबी मोजा, पट्टे निरखा. आणि प्रत्येक रणगाड्याच्या वरचं ते छोटंसं गोल झाकण बघायला विसरू नका. आत जायची वाट तीच, आणि बाहेर यायचीही.