फुगलेल्या शिरा आणि पलंगावरची विश्रांती

दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांचे पाय संध्याकाळी जड होतात, घोटे सुजतात, रात्री पोटरीत गोळे येतात. पुढे पोटरीवर किंवा मांडीच्या आतल्या बाजूस निळसर, वेड्यावाकड्या शिरा दोरीसारख्या उठून दिसू लागतात. शिक्षिका, वाहतूक पोलीस, बसवाहक, हॉटेलच्या स्वयंपाकघरात आठ-दहा तास उभे राहणारे आचारी अशा अनेकांना हे दुखणे असते. डॉक्टर त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. मराठी परिभाषेत अपस्फीत नीला. आपल्याकडे ते बहुधा अंगावर काढले जाते. ‘चवथ होऊन जाऊ दे, मग पाहू’ असे म्हणता म्हणता अनेक चवथी उलटतात. उपचार झालेच, तर घरची माणसे मायेपोटी रुग्णाला आठवडाभर पलंगावरून उठू देत नाहीत. या दोन्ही गोष्टी घातक ठरू शकतात. त्या का, हे कळण्यासाठी शिरेच्या आत काय घडते ते पाहावे लागते.

हृदयाकडून रक्त पायांकडे नेणाऱ्या वाहिन्या म्हणजे रोहिणी आणि ते परत आणणाऱ्या त्या नीला. खाली येणे सोपे. घोट्यापासून छातीपर्यंत वर चढणे कठीण. हे काम मुख्यतः पोटरी करते. पाऊल टाकताना पोटरीचे स्नायू आकसतात, त्यांच्यामधून जाणाऱ्या खोल नीला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. ते पुन्हा खाली घसरू नये म्हणून नीलांच्या आत ठिकठिकाणी नाजूक झडपा असतात आणि त्या वरच्या दिशेनेच उघडतात. पाडुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १६०३ साली या झडपांचे सचित्र वर्णन केले. मात्र त्यांचे खरे प्रयोजन उलगडले ते त्यांचे शिष्य विल्यम हार्वे यांनी, १६२८ सालच्या आपल्या ग्रंथात.

माणूस स्तब्ध उभा असताना घोट्याजवळच्या नीलेतील दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांतच तो ३० च्या आसपास किंवा त्याखाली येतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. रक्त वर जाते आणि पुन्हा खाली गळते; त्या भाराने त्वचेखालची शीर ताणली जाते, फुगते, वाकडी होते. म्हणजे डोळ्यांना दिसणारी शीर हा परिणाम आहे, मूळ दोष वरच्या गळक्या झडपेत असतो. आनुवंशिकता, वाढते वय, गर्भारपण, स्थूलता, तासन्‌तास उभे राहणे आणि पूर्वी खोल शिरेत झालेली गुठळी ही त्याची प्रमुख कारणे. पायावर पाय टाकून बसल्याने शिरा फुगतात ही समजूत मात्र निराधार आहे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-निळ्या रेषा तेवढ्याच असतील, तर बहुतेकदा उपचाराची गरजही नसते.

दुर्लक्ष केले तर काय होते? साचलेल्या रक्तामुळे घोट्याच्या वरची त्वचा काळपट-तपकिरी होते, खाजते, कडक होते आणि एके दिवशी क्षुल्लक खरचटण्याचे निमित्त होऊन तेथे न भरणारी जखम पडते. मग मलमे बदलत, पाला बांधत वर्षे जातात, कारण जखमेकडे सगळे पाहतात, शिरेकडे कोणी पाहत नाही. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इव्हरा’ या अभ्यासात सदोष शिरेवर लवकर उपचार केलेल्या गटातील निम्म्या रुग्णांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. दाबपट्ट्या बांधून शिरेचा उपचार लांबवलेल्या गटाला त्यासाठी ८२ दिवस लागले.

दुसरा धोका रक्तस्रावाचा. घोट्याजवळची पातळ झालेली शीर न्हाणीघरात गरम पाण्याने अंग धुतानाही फुटू शकते. वेदना फारशी होत नाही, पण रक्त धारेने वाहते. घाबरून उभे राहणे किंवा खुर्चीत बसणे हीच मोठी चूक. ताबडतोब आडवे व्हावे, पाय छातीपेक्षा उंच धरावा, स्वच्छ फडक्याने नेमक्या त्या जागी दहा-पंधरा मिनिटे सलग दाबून ठेवावे आणि मग रुग्णालय गाठावे. वर दोरी आवळून बांधू नये.

निदानासाठी डॉपलर सोनोग्राफी लागते. ती शक्यतो रुग्णाला उभे करून करतात. उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून अधिक टिकला तर झडप सदोष मानली जाते. पूर्वी जांघेत छेद देऊन मांडीची मुख्य शीर ओढून काढत. आता बहुधा सोनोग्राफीत पाहत शिरेत बारीक नळी सरकवून लेझरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने ती आतून बंद करतात. जागा बधिर करणे पुरते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. लहान शिरांमध्ये फेसाळ औषध टोचतात. ‘शीरच बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ असा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. पायातील सुमारे नऊ-दशांश रक्त खोल नीलांतूनच वर जाते. बंद केलेली शीर उपयोगाची राहिलेली नसते, उलट ओझेच असते. म्हणून त्या खोल नीला मोकळ्या आहेत ना, हे आधी तपासतात.

आता पलंगाचा मुद्दा. उपचारानंतर निजून राहिले की पोटरी थांबते, रक्त साचते आणि खोल शिरेत गुठळी होण्याची भीती वाढते. म्हणूनच टेबलावरून उतरल्यावर रुग्णाला लगेच चालायला लावतात. घरी दिवसातून अनेकदा थोडे थोडे चालावे. बसताना पाय उंच ठेवावेत. एका जागी उभे राहणे टाळावे. स्वयंपाक ओट्याशी उभ्याने करण्यापेक्षा भाजी बसून चिरावी, ही साधी सोयही पुष्कळ कामाची. जड वजन उचलणे साधारण दोन आठवडे नको. मुंबईपर्यंतचा रात्रभराचा बसप्रवास किंवा लांबचा विमानप्रवास काही आठवडे पुढे ढकलता आला तर उत्तम. नाहीच टळला तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पहिल्या आठवड्यात काळे-निळे डाग पडतात. त्याच सुमारास मांडीच्या आतून दोरी ताणल्यासारखी ओढ लागते आणि हाताला कडक गाठी लागतात. बंद झालेली शीर आक्रसत असल्याची ती खूण; काही आठवड्यांत ती ओसरते. घोट्याजवळ एखादा भाग बधिर राहू शकतो, तोही बहुधा हळूहळू सुधारतो. परंतु एकाच पायाची पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, दम लागला, छातीत कळ आली किंवा थुंकीतून रक्त पडले, तर सकाळची वाट पाहू नये.

दाब देणारे मोजे किती दिवस वापरायचे हे डॉक्टर ठरवतात, काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत. ते सकाळी पाय खाली टेकण्यापूर्वी, सूज चढण्याआधी घालायचे. आपल्या दमट हवेत ते नकोसे होतात हे खरे. दोन जोड ठेवावेत, हाताने धुवावेत, न पिळता सावलीत वाळवावेत. पावसाळ्यात एक जोड ओला राहिला तरी दुसरा हाताशी असतो. मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांनी मात्र पायातील रोहिणींचा प्रवाह तपासल्याशिवाय ते दुकानातून आणून घालू नयेत. रक्तपुरवठा आधीच कमी असेल तर बाहेरचा दाब पायाला इजा करतो.

उपचार केलेली शीर बंद राहिली तरी काही वर्षांनी शेजारच्या दुसऱ्या शिरेची झडप गळू लागू शकते, कारण आनुवंशिकता आणि उभ्याचे काम तेच असते. अशा वेळी पहिला उपचार फसला असे समजून दवाखाना टाळण्याऐवजी पुन्हा डॉपलर करून घ्यावी. त्याच वेळी दुसऱ्या पायाचीही करायला सांगावे.