ब्राउझरचीही दिवाळीची साफसफाई

दिवाळीआधी आपण डबे घासतो, कपाटे आवरतो, नको ते सामान बाहेर काढतो. तिकडचा माळा म्हणजे इकडचे केलर, एवढाच काय तो फरक. यंदा त्या यादीत आणखी एक जागा धरा: संगणकावरचा ब्राउझर. बँक, एल्स्टरवरचे करविवरण, आउसलेंडरबेहोर्डेची वेळ, क्रांकेनकासेची पत्रे, आईबाबांची विमानाची तिकिटे, सगळे त्यातूनच ये-जा करते. तरी बहुतेक घरांत तो वर्षानुवर्षे तसाच असतो आणि कधीतरी हौसेने बसवलेली ॲड-ऑन त्यात विसरलेली असतात.

ही विसरलेली पाहुणेमंडळी काय करू शकतात, ते जर्मनीने २०१६ साली पाहिले. 'एनडीआर' या सार्वजनिक वाहिनीच्या पत्रकारांनी एक बनावट कंपनी उभी केली आणि माहितीच्या दलालांकडे चौकशी सुरू केली. सुमारे ३० लाख जर्मन वापरकर्त्यांनी महिनाभरात उघडलेल्या पानांचे पत्ते त्यांना नमुना म्हणून फुकट मिळाले. ही माहिती निनावी असल्याचा दावा होता. पण ट्विटर किंवा झिंगवरच्या स्वतःच्या खात्याच्या पानाच्या पत्त्यावरून माणूस ओळखता येत होता आणि मग त्याचा सगळा महिना डोळ्यांसमोर उलगडत होता. त्यात बुंडेस्टागचे सदस्य होते, न्यायाधीश होते, पोलीस होते.

माहिती जिथून गळत होती त्यांतले एक ॲड-ऑन होते 'वेब ऑफ ट्रस्ट'. लोक ते बसवत सुरक्षिततेसाठीच! भरवशाच्या संकेतस्थळापुढे हिरवे वर्तुळ, धोक्याच्या ठिकाणी लाल. बातमी आल्यावर फायरफॉक्स आणि क्रोम या दोघांच्या दुकानांतून ते तेव्हा हटले.

यातला एक तपशील आपल्याला फार जवळचा आहे. एका पोलीस अधिकाऱ्याने तपासाचा मजकूर गूगल ट्रान्सलेटमध्ये टाकला होता. त्या काळी तो मजकूर पानाच्या पत्त्यातच उमटत असे, म्हणून तोही त्या साठ्यात सापडला. जर्मन पत्र आले की आपण काय करतो? तेच. त्यात कधी पगार असतो, कधी आजार, कधी व्हिसाची अडचण.

म्हणून पहिले काम: ॲड-ऑनची यादी उघडा. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. गेल्या सहा महिन्यांत याचा उपयोग झाला का? हे कोण बनवते आणि त्याचे पोट कशावर चालते? 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे' ही परवानगी याला खरोखर लागते का? उत्तर डळमळीत असेल तर काढून टाका. जाहिराती अडवणाऱ्याला ही परवानगी सहसा लागते. हवामान दाखवणाऱ्याला कशाला?

दुसरे काम: नवे ब्राउझर वापरून पाहा. २०१९ मध्ये जर्मनीच्या 'बीएसआय' या माहिती-सुरक्षा खात्याने सरकारी कचेऱ्यांसाठीच्या किमान निकषांवर चार ब्राउझर तपासले. सगळ्या सक्तीच्या अटी एकट्या फायरफॉक्सने पूर्ण केल्या. तो निकाल त्या वेळच्या आवृत्त्यांचा. पण फायरफॉक्सच्या ११८व्या आवृत्तीपासून, म्हणजे सप्टेंबर २०२३ पासून, जर्मन पानाचे इंग्रजी भाषांतर आपल्याच संगणकावर होते, मजकूर बाहेर जात नाही. एवढ्यासाठीही तो बसवावा.

जाहिराती अडवणे कायदेशीर आहे का, अशी शंका असेल तर ॲडब्लॉक प्लस चालवणारी आयओ ही कंपनी कोलोनचीच आहे. आक्सेल श्प्रिंगर या प्रकाशनसमूहाने तिच्यावर दावा लावला होता. एप्रिल २०१८ मध्ये कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ही अनुचित स्पर्धा नाही, असा निकाल दिला. यूब्लॉक ओरिजिन वापरणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे: क्रोमने जुन्या पद्धतीची ॲड-ऑन बंद केल्यामुळे तिथे आता त्याची 'लाइट' आवृत्तीच चालते, फायरफॉक्समध्ये मूळचे चालते.

तिसरे काम सगळ्यांत हौसेचे: स्वतःचे सुरुवातीचे पान. त्यासाठी कुठे खाते उघडायला नको. साध्या एचटीएमएल फाइलमध्ये आपल्या बँकेचा, एल्स्टरचा, बानचा पत्ता लिहा, ती संगणकावर ठेवा आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मुखपृष्ठ म्हणून नेमा. बँकेचे नाव शोधून पहिल्या दुव्यावर टिचकी मारायची सवय सुटते. जाहिरातीच्या जागेवर कधीकधी बनावट पानेही येतात. आईबाबा तीन महिन्यांसाठी येतात तेव्हा त्यांच्यासाठी वेगळे प्रोफाइल करा: मोठ्या अक्षरांत लोकसत्ता, महाराष्ट्र टाइम्स, हवामान आणि भारतातली वेळ. बँकेसाठीही एक प्रोफाइल वेगळे ठेवा, एकही ॲड-ऑन नसलेले.

या सगळ्याला एक संध्याकाळ पुरते. चकल्या तळून झाल्यावर बसा, आणि मुलांनाही शेजारी बसवा. त्यांच्या ब्राउझरमध्ये आपल्यापेक्षा जास्त पाहुणे सापडतील.