‘बोलेल हळूहळू’ म्हणताना निसटणारी वर्षे

‘याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते. बोलेल हळूहळू!’ अडीच-तीन वर्षांच्या, न बोलणाऱ्या मुलाला घेऊन आई तपासणीला येते, तेव्हा सोबतची आजी हे वाक्य हमखास म्हणते. आपल्या किनारपट्टीवरच्या सरकारी दवाखान्यांत ते नेहमी कानावर पडते. त्यात माया असते आणि कधी कधी ते खरेही ठरते. काही मुले उशिरा बोलतात आणि पुढे सारे सुरळीत होते. म्हणूनच डॉक्टर फक्त शब्द मोजत नाहीत. शब्द नसतानाही मूल आपल्याशी संवाद साधते का, हे ते आधी पाहतात.

वर्ष-सव्वा वर्षाचे मूल न बोलताही पुष्कळ काही सांगत असते. कावळ्याकडे, चंद्राकडे, बंदरातल्या होडीकडे बोट दाखवते आणि लगेच आईच्या तोंडाकडे बघते. टाटा करते, टाळ्या वाजवते, मोठ्यांची नक्कल करते. नुसते उशिरा बोलणारे मूल सहसा हे सगळे करते. पण दीड वर्षानंतरही मूल बोट दाखवत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, नजर देत नसेल, हवी ती वस्तू मिळवण्यासाठी तुमचा हात धरून ओढत नेत असेल, गाडीशी खेळण्याऐवजी तासन् तास तिची चाकेच फिरवत बसत असेल, तर तपासणी लांबवू नका. येत असलेले शब्द बंद झाले असतील, तर मुळीच थांबू नका. यातले एखादे लक्षण म्हणजे लगेच स्वमग्नता नव्हे. सर्वांत आधी मुलाला नीट ऐकू येते का, हे तपासावे लागते.

दोष कुणाचा नाही

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा मेंदूच्या जडणघडणीतला वेगळेपणा आहे. साधारण शंभर मुलांमागे एका मुलात तो आढळतो. देशातल्या पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही प्रमाण याच्याच आसपास होते. या पाच ठिकाणांत उत्तर गोवाही होता. आई कामाला जाते म्हणून, गरोदरपणात ग्रहण पाहिले म्हणून किंवा लस टोचली म्हणून स्वमग्नता होत नाही. एके काळी पाश्चात्त्य डॉक्टरही ‘आईची माया कमी पडली’ असे सांगत. ते मत केव्हाच मोडीत निघाले आहे. तरी घराघरांत बोल आईलाच लागतो, आणि त्या भीतीपायी तपासणी पुढे ढकलली जाते.

लवकर कशासाठी?

पहिल्या काही वर्षांत मेंदूतील जोडण्या फार वेगाने तयार होतात. मूल माणसांचे चेहरे बघत, आवाज ऐकत, नक्कल करत शिकते. ज्याचे लक्ष माणसांकडे कमी जाते, त्याचे असे शेकडो छोटे धडे रोज हुकतात आणि इतर मुलांशी अंतर वाढत जाते. हे हुकलेले धडे मुलाला जमेल अशा छोट्या पायऱ्या करून देणे, हा वर्तन-उपचाराचा गाभा आहे.

अमेरिकेत लोव्हास यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत लहान मुलांना आठवड्याला ४० तास शिकवले जाई. तिच्या सुरुवातीच्या रूपात शिक्षेचाही वापर होता आणि त्यावर रास्त टीका झाली. आजची पद्धत खेळातून आणि मुलाच्या आवडीतून पुढे जाते. तिथल्याच ‘डेन्व्हर’ पद्धतीचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दीड ते अडीच वर्षांची ४८ मुले होती. दोन वर्षांनंतर या उपचाराच्या गटात बुद्ध्यंक सरासरी १७ अंकांनी वाढला, तर इतर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात सुमारे ७ अंकांनी.

घरातले उदाहरण घेऊ. मुलाला बिस्किट आवडते. ते झाकण लावलेल्या पारदर्शक बरणीत, त्याला दिसेल पण उघडता येणार नाही असे ठेवा. समोर बसा आणि थांबा. मनात पाच अंक मोजा. मुलाने तुमच्याकडे पाहिले, हात पुढे केला, एखादा आवाज काढला, तर त्याच क्षणी ‘दे’ म्हणत छोटा तुकडा द्या. काही दिवसांनी नुसत्या नजरेऐवजी खूण, मग आवाज, मग शब्द, अशी अपेक्षा थोडी थोडी वाढवा. मूल रडून आकांत करते, तेव्हाही तीन गोष्टी पाहा: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर त्याला काय मिळाले. रडल्यावर दर वेळी मोबाइल मिळत असेल, तर मूल रडायलाच शिकते.

गोव्याचा धडा

आपली खरी अडचण अंतराची आहे. प्रशिक्षित थेरपिस्ट बहुतेक मुंबई-पनवेलकडे. म्हसळा किंवा श्रीवर्धनहून पाऊण तासाच्या थेरपीसाठी जायचे, तर अख्खा दिवस जातो आणि रोजंदारी बुडते. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचाही बंद असतात.

याच अडचणीवर गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने उत्तर शोधले. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी इथल्या ६५ मुलांवरील हा अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण खास प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांसाठी १२ सत्रे घेतली. आई-वडील मुलाशी खेळतानाचे चित्रण करून ते एकत्र पाहायचे, आणि मूल कुठे प्रतिसाद देते हे पालकांनीच ओळखायचे, अशी ही रीत. पालक मुलाच्या कलाने वागू लागले आणि मुले आपणहून अधिक संवाद साधू लागली. सगळ्याच मोजमापांत सुधारणा झाली नाही. दोघांनी एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देण्याचा वेळ वाढला नाही. तरीही तज्ज्ञ दूर असताना घरातले लोक पुष्कळ काही करू शकतात, हे या अभ्यासातून दिसले.

किनाऱ्यावरचा धोका

स्वमग्न मुलांपैकी अनेकांना पाण्याची ओढ असते, धोक्याची जाण कमी असते आणि ती नकळत घराबाहेर पडतात. अशा मुलांच्या अपघाती मृत्यूंमध्ये बुडणे हे एक मोठे कारण आहे. घरामागे विहीर आणि समोर समुद्र असलेल्या आपल्या गावांत ‘हाक मारली की थांबणे’ हे अक्षरओळखीच्या आधी शिकवायचे कौशल्य आहे. दाराला उंचावर कडी लावा, विहिरीला जाळी बसवा आणि शेजाऱ्यांना मुलाबद्दल मोकळेपणाने सांगा.

कुठे जायचे?

सुरुवात अंगणवाडीपासून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या कोकणातल्याच पालघरहून सुरू झाला. त्याचे वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि विकासातील विलंब तपासते. पथकाची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. आशाताईंना सांगा, सरकारी रुग्णालयात या आणि शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची चिठ्ठी मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळू शकतो.

मूळपेशींचे इंजेक्शन देऊन मूल ‘बरे’ करतो, असे कोणी सांगितले, तर दागिने गहाण टाकू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस नसल्याचे स्पष्ट केले आहे.

वर्तन-उपचाराने प्रत्येक मूल बोलेलच, असे वचन कोणी देऊ शकत नाही. काही मुले भराभर बोलू लागतात, काही चित्रांच्या कार्डांवर बोट ठेवून ‘पाणी हवे’ एवढेच सांगू शकतात. पण तहान लागली हे सांगता येणे आणि रडत राहणे यात त्या मुलाचे, त्याच्या आईचे आयुष्य केवढे तरी बदलते. निदानावर शिक्का बसेपर्यंत थांबायचे कारण नाही. रोज अर्धा तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवा, जमिनीवर मुलासमोर बसा, ते जे खेळत असेल तेच तुम्हीही खेळा. निदान काहीही निघो, या खेळाने मुलाचे नुकसान होत नाही.