बाळंतिणीच्या खोलीतला पावडरचा डबा

या भागाचं लेखी रूप खाली देतोय, कारण ऐकणाऱ्यांपेक्षा घरी वाचून दाखवणाऱ्यांना ते जास्त उपयोगी पडेल.

ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलीय, संभाजीनगरला. ऊन असं की मानेवर, पोटाखाली घामोळ्या. आईने पावडरचा डबा पुढे केला, ताई म्हणाली, "नको, कॅन्सर होतो म्हणे." आई म्हणाली, "तुम्हा दोघांना हीच लावून वाढवलंय." मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण वाचायला बसलो.

पावडर म्हणजे मुख्यतः टाल्क, आपलं शंखजिरे. सगळ्यात मऊ खनिज. धडधाकट कातडीतून ते आत शिरत नाही, त्यामुळे गर्भापर्यंत किंवा दुधात पोचायचा प्रश्न जवळजवळ येत नाही. मग भीती कसली? तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची खिचडी करतो.

पहिली, भेसळ. जमिनीत टाल्कच्या शेजारी अॅस्बेस्टॉस सापडतं, आणि ते नक्की कॅन्सर करतं. म्हणून खाणीतला माल तपासून घ्यावा लागतो.

दुसरी, जागा. गुप्तांगावर वर्षानुवर्षं पावडर लावणं आणि अंडाशयाचा कॅन्सर यांचा संबंध पक्का झालेला नाही. 2020 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे अडीच लाख बायकांच्या माहितीत ठोस संबंध दिसला नाही. तरी 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने टाल्कला "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं. हा गट पुरावा किती भक्कम ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. पण तिथे पावडर लावायची गरजच नाही, तर टाळलेलं बरं.

तिसरी, धूळ. बाळासाठी खरा धोका हाच. पावडरचा ढग श्वासातून फुप्फुसात गेला तर बाळाला गंभीर त्रास होऊ शकतो. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ म्हणूनच बाळाला पावडर नको म्हणतात. मक्याच्या स्टार्चची पावडरसुद्धा धूळच.

आता मुलुंडचं प्रकरण, कारण ताईच्या फॉरवर्डमध्ये तेच होतं. सप्टेंबर 2022 मध्ये आपल्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सनच्या मुलुंड कारखान्याचा बेबी पावडरचा परवाना रद्द केला. मुद्दा अॅस्बेस्टॉसचा नव्हता, पीएचचा होता. नमुना प्रमाणात बसला नाही. नमुने 2018 चे, कारवाई 2022 ची. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. म्हणजे "मुलुंडमध्ये कॅन्सर सापडला" हे साफ चूक. पण ज्या कारवाईला चार वर्षं लागतात, तिच्या भरवशावर बाळ सोपवू नये, हेही खरं.

मग घरी काय ठरलं? ताईने तोंडाला, मानेला थोडी लावायला हरकत नाही. पंखा बंद करून, हातावर घेऊन. चिरलेल्या किंवा जखमेच्या कातडीवर नाही. सिझेरियन झालं तर टाक्यांजवळ नाही. स्तनांवर, स्तनांखाली लावायची नाही. घाम आला तर ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं. घामोळ्यांच्या औषधी पावडरीत सॅलिसिलिक किंवा बोरिक अॅसिड असू शकतं, ती बाळाला लावायची नाही आणि ताईनेही डॉक्टरांना विचारूनच. बाळ आलं की त्याला अंघोळीनंतर मांड्या-बगला कोरड्या टिपून सैल सुती कपडा. पावडर नाही.

आई काही वेळ गप्प होती. मग डबा वरच्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, "जुनी मऊ लुगडी काढते, लंगोटांना लागतील."

तुमच्याकडे आजी-आईशी हा वाद झाला असेल तर कळवा. भेटू पुढच्या भागात.