'सिग्निफिकंट' म्हणजे 'महत्त्वाचा' नाही!

पेटची तयारी करणाऱ्या किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या प्रत्येकाला एक इंग्रजी विशेषण रोज भेटतं : सिग्निफिकंट. उच्चार करताना जोर 'नि' वर द्या, सिग्-'नि'-फिकंट. डिक्शनरी उघडली की अर्थ मिळतो महत्त्वाचा, लक्षणीय, अर्थपूर्ण. आपण तो पाठ करतो आणि पुढे जातो. मीही तेच केलं होतं, आणि त्यापायी एका गावात एक चांगलं काम बंद पडलं. ते कसं झालं ते सांगतो, म्हणजे शब्दही नीट कळेल.

आमच्या कुही तालुक्यात मिरचीच्या हंगामात कित्येक बाया देठ खुडायला सातऱ्यावर जातात. पोरं शाळेतून घरी येतात तेव्हा घरी कोणी नसतं. तालुक्यातल्या दोन शाळांमध्ये सरांनी अशा पोरांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू केला होता. मला पायलट स्टडीसाठी विषय हवाच होता. वर्गाला बसणारी 25 मुलं घेतली, न बसणारी 25 घेतली आणि 100 गुणांची चाचणी घेतली. वर्गाला बसणाऱ्यांची सरासरी 6 गुणांनी जास्त आली. गुणांचं प्रमाण विचलन दोन्ही गटांत 15 च्या आसपास होतं. टी-मूल्य निघालं 1.41. तक्त्यात हवं होतं 2.01. मी लिहिलं, 'देअर इज नो सिग्निफिकंट डिफरन्स'. सरांनी विचारलं, "काय निघालं रे?" मी मराठीत सांगून मोकळा झालो, "काही फरक नाही पडला सर."

पुढच्या वर्षी वर्ग भरलाच नाही. सरांचं काय चुकलं? काहीच नाही. चूक माझ्या भाषांतराची होती.

आता बघा. इंग्रजीत या शब्दाचा मूळ धागा 'साइन' म्हणजे खूण, हा आहे. काहीतरी सुचवणारा, कशाची तरी खूण असलेला, तो सिग्निफिकंट. संख्याशास्त्रातला अर्थ याच्या जवळचा आहे. रोनाल्ड फिशर यांनी 1925 च्या पुस्तकात 20 पैकी 1, म्हणजे 0.05 ही रेषा सोयीची म्हणून वापरली आणि ती जगभर रुळली. सोयीची म्हणून, हे लक्षात ठेवा. कोणी निसर्गात शोधून काढलेली ती रेषा नाही.

'पी 0.05 पेक्षा कमी' याचा अर्थ एवढाच : खरोखर काहीच फरक नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसायची शक्यता 20 त 1 पेक्षाही कमी होती. फरक मोठा आहे का, कामाचा आहे का, यावर हा आकडा काहीही बोलत नाही. आणि पी जास्त आला म्हणजे फरक नाही असंही नाही. तुमच्या माहितीवरून ठरवता आलं नाही, एवढंच.

माझ्याच आकड्यांचा 95 टक्के विश्वास-अंतराल काढला तर तो उणे 2.5 पासून अधिक 14.5 पर्यंत जातो. म्हणजे वर्गामुळे अडीच गुणांचं नुकसान असू शकतं, किंवा साडेचौदा गुणांचा फायदाही असू शकतो. आणि मी सरांना काय सांगितलं? फरक नाही!

उलटंही होतं. समजा राज्यभरातून प्रत्येक गटात 10,000 मुलं घेतली, विचलन तेच 15, आणि फरक निघाला अर्धा गुण. टी येईल 2.36 च्या आसपास. सिग्निफिकंट! पण अर्ध्या गुणासाठी कोणती शाळा वर्षभर दिवे जाळेल?

मोठा आणि सिग्निफिकंट, दोन्ही असलेला फरक बघायचा असेल तर लांब जायची गरज नाही, शेजारच्या गडचिरोलीत जाऊ. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि 'सर्च'च्या सहकाऱ्यांनी 39 गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, 47 गावं तुलनेसाठी ठेवली. 1999 साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. प्रयोगाच्या गावांत दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू 62 होते, ते तिसऱ्या वर्षी साधारण 25 वर आले. तुलनेच्या गावांत ते 58 चे 60 च्या जवळ गेले. पी 0.001 पेक्षा कमी. पण कोणाला प्रभाव पडला तो पी वाचून नाही, 62 चे 25 झाले हे वाचून. पी ने फक्त इतकंच सांगितलं की हे योगायोगावर ढकलता येणार नाही. 2011 पासून आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, त्या सरकारी कार्यक्रमामागे हे काम आहे.

गंमत म्हणजे आपल्या सिनॉप्सिसमध्ये हा शब्द दोन तोंडांनी बोलतो. 'सिग्निफिकन्स ऑफ द स्टडी' या मथळ्याखाली आपण संशोधनाचं महत्त्व लिहितो. दहा पानं पुढे 'लेव्हल ऑफ सिग्निफिकन्स' येतं, तिथे महत्त्वाचा काही संबंध नाही. मराठीत लिहिणाऱ्यांची यात सोय आहे : पहिल्याला महत्त्व म्हणा, दुसऱ्याला सार्थकता. इंग्रजीवाल्यांकडे एकच शब्द आहे बिचाऱ्यांकडे.

कृषीचे विद्यार्थी इथे थोडे हुशार. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांचं 1954 चं संख्याशास्त्राचं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या हातात आहे. तक्त्याखाली ते 'क्रिटिकल डिफरन्स' लिहितात, म्हणजे किती क्विंटलचा फरक धरायचा ते समोर दिसतं. त्यांचा 'ॲट पार' हा शब्द मात्र मला खटकतो. 'ॲट पार' म्हटलं की ऐकणाऱ्याला दोन्ही वाण सारखेच वाटतात. माझ्या 'फरक नाही'सारखंच ते.

आता वापराबद्दल. नुसता मोठा फरक सांगायचा असेल तर थिसिसमध्ये सिग्निफिकंट टाळा. 'सब्स्टॅन्शियल', 'कन्सिडरेबल', 'मार्क्ड' हे शब्द आहेत की. 'इनसिग्निफिकंट' तर अजिबात नको, त्याचा अर्थ क्षुल्लक असा होतो. 'नॉट सिग्निफिकंट' किंवा 'नॉन-सिग्निफिकंट' लिहा. 'हायली सिग्निफिकंट' वाचून परिणाम मोठा आहे असं समजू नका, पी फार लहान आहे एवढंच ते. आणि पी 0.06 आला की 'ऑलमोस्ट सिग्निफिकंट' लिहायचा मोह होतो. व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच येईल. 2019 मध्ये 'नेचर'मधल्या एका लेखाला 800 हून जास्त संशोधकांनी सह्या करून हा शिक्काच बंद करा असं म्हटलं. मला ते पूर्ण पटलेलं नाही, कारण शिक्का गेला तर आपल्याकडे नुसतेच 'चांगला परिणाम दिसला' लिहिणं वाढेल. पण विश्वास-अंतराल देण्याला पर्याय नाही, हे पटलं.

माझं वाक्य मी आता असं बदललंय : 'अभ्यासवर्गातील मुलांची सरासरी 6 गुणांनी जास्त होती (95 टक्के विश्वास-अंतराल उणे 2.5 ते 14.5). एवढ्या लहान नमुन्यावरून परिणाम आहे की नाही, हे ठरवता येत नाही.'

ते घेऊन मी सरांकडे परत गेलो. चूक सांगितली. 6 गुणांचा फरक खरा असेल तर तो 80 टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात साधारण 100 मुलं लागतील, हेही सांगितलं. सर हसले. म्हणाले, "दोन्ही शाळांचा सातवीचा पट मिळून साठच्या वर जात नाही बाबा. पण वर्ग तर 60 पोरांसाठीही भरवता येतो ना?"

आता आणखी दोन-तीन गावं जोडायची खटपट सुरू आहे.